ओझोनचे पाणी

माहीमच्या लग्नघरात हल्ली तांब्याभांड्याच्या जागी बाटली पुढे येते. तिच्यावर ‘ओझोनने शुद्ध केलेले’ असे वाचले, की यजमानीणबाई निश्चिंत होतात. व्हावेच, पण त्यामागची मेख ठाऊक असावी.

ओझोन म्हणजे तीन अणूंचा प्राणवायू, जंतूंचा काळच! मात्र पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ओझोन त्याचे ब्रोमेट करतो. ब्रोमाइड हे मिठाचे भावंड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात आधी क्षार न काढता ओझोन सोडणे धोक्याचे. आपल्या नळाला येणारे तानसा-वैतरणेचे पाणी पावसाचे, आणि महापालिका ते शुद्ध करते क्लोरीनने.

ब्रोमेटमुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. २००४ साली इंग्लंडात ती ओलांडल्यामुळे सुमारे पाच लाख बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पाण्यात मुद्दाम घातलेल्या कॅल्शियमच्या क्षारातून ब्रोमाइड आले होते!

ब्रोमेट उकळून जात नाही. ते होऊच न देणे हा खरा उपाय. त्यासाठी ओझोन बेताने सोडतात, पाण्याची आम्लता किंचित वाढवतात, किंवा अमोनियाचा अंश मिसळतात. फोडणीत हिंग चिमूटभरच घालावा, हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवायला नको. ओझोनचेही तसेच आहे.