तापट घराण्याचा वारसा

आमचे घराणे तापट म्हणून प्रसिद्ध! आजोबा रागाच्या भरात कोसळले आणि वडील 'डोक्यात रक्त चढून' पन्नाशीतच गेले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझा रक्तदाब १७०/११० सांगितला, तेव्हा मी हसत म्हणालो, "हा दोष माझा नव्हे, द्वारकेचा! पुण्याची अन् आग्र्याची वाट जिथे एकमेकींना भिडतात, त्या चौकातून रोज कॉलेजात जाणाऱ्याचे रक्त शांत राहील कसे?"

डॉक्टर हसले नाहीत. थोडा वेळ स्वस्थ बसवून त्यांनी दाब पुन्हा मोजला; पुढेही दोनदा बोलावले. आकडा उतरेना. मग त्यांनी विचारले, "वडिलांना मूत्रपिंडाचा विकार होता का?" मी गप्प. कवींच्या जन्ममृत्यूच्या तारखा मला तोंडपाठ. वडील कशाने गेले, ते मात्र ठाऊक नाही!

सोनोग्राफीत उत्तर मिळाले. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या होत्या. नाशिककराला उपमा शोधावी लागत नाही. द्राक्षांचे घडच ते!

वाचकहो, मूत्रपिंड म्हणजे केवळ गाळणी नव्हे. रक्त कमी पोहोचते आहे असे वाटले, की ते 'रेनिन' नावाचे द्रव्य सोडते. त्यातून पुढे रक्तवाहिन्या आकसतात, शरीरात मीठ-पाणी साठते आणि दाब चढतो. स्टॉकहोममध्ये १८९८ साली सशांवरील प्रयोगांत या द्रव्याचा शोध लागला. पुढे १९३४ साली गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून दाब वाढवून दाखविला. माझ्या बाबतीत तो चिमटा म्हणजे या पुटकुळ्या. त्या भोवतालच्या रक्तवाहिन्या दाबतात आणि बिचारे मूत्रपिंड फसते.

हा विकार आनुवंशिक आहे. आई किंवा वडील, एकाकडून सदोष जनुक आले तरी पुरते. प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. अर्थात प्रत्येकाच्या रक्तदाबामागे असे एकच कारण नसते. बहुतेकांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यात मीठ, स्थूलता, वय यांची भर पडते. पण तरुणपणीच दाब चढला किंवा औषधांना दाद देईना, तर मूत्रपिंडाकडे पाहिलेच पाहिजे.

घरी हे सांगितले, तेव्हा सौभाग्यवती हळूच म्हणाली, "मुलीचे लग्न व्हायचे आहे. बाहेर बोभाटा कशाला?"

तिची काळजी खोटी नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. असाच विचार करून आजीही गप्प राहिली असेल काय? ती बोलती, तर निदान वडिलांचा दाब वेळीच मोजला गेला असता. सकाळी धाकट्या भावाला फोन केला. मग मुलीला जवळ बसवून सारे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आधी माझा दाब मोजून घेऊ या."

तिचा दाब तूर्त ठीक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो नियमित मोजायचा आहे. माझ्या गोळ्या चालू आहेत, लोणचे-पापड ताटाबाहेर गेले आहेत. या दिवाळीत सारे घर जमेल, तेव्हा फराळ होताच मी वडीलधाऱ्यांना एकेक प्रश्न विचारणार आहे: कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले? तुम्हीही विचारा. आणि 'तापट' आजोबांच्या तसबिरीपुढे पणती लावताना त्यांची क्षमाही मागणार आहे.