थांबायचे की मरायचे? पेशीतला निवाडा

लोणावळ्याहून बोरघाट उतरणाऱ्या रेल्वेगाडीला ब्रेकच्या तपासणीसाठी घाटात ठराविक ठिकाणी थांबावे लागते. ब्रेक निकामी होऊन गाडी अनावर झालीच, तर पुढील अनर्थ टळावा म्हणून ती चढावरच्या ‘कॅच सायडिंग’कडे वळवली जाते. मानवी शरीरातील पेशींमध्येही अशीच दुहेरी व्यवस्था असते. ती कोलमडली की कर्करोगाला वाट मोकळी होते.

‘पी-५३’ हे प्रथिन या व्यवस्थेचे प्रमुख रखवालदार होय. त्याचा शोध १९७९ मध्ये लागला. किरणोत्सर्ग किंवा तंबाखूतील रसायनांमुळे पेशीतील ‘डीएनए’ला इजा झाली, की पी-५३ सक्रिय होते. इजा किरकोळ असल्यास ते ‘पी-२१’ या जनुकाकरवी पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला अवधी मिळवून देते. इजा भरून न येणारी असल्यास मात्र ते ‘बॅक्स’ व ‘प्यूमा’ ही जनुके कार्यान्वित करते आणि पेशी स्वतःच मरण पत्करते.

या दोहोंपैकी कोणता मार्ग निवडायचा, हे कसे ठरते? पुण्याच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स’मधील डॉ. समित चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘एम्बो जर्नल’मध्ये याचे एक उत्तर मांडले. ‘स्मार-१’ हेही अर्बुदरोधक प्रथिन आहे. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या ‘सायक्लिन डी-१’च्या जनुकाला ते लगाम घालते, हे याच गटाने २००५ मध्ये दाखवले होते. इजा सौम्य असताना स्मार-१ बॅक्स व प्यूमा यांच्या नियंत्रक भागातील एकसारख्या पट्ट्याला चिकटते व दोन्ही जनुके दाबून ठेवते. पेशी थांबते, पण जगते. इजा गंभीर झाली, की पेशीकेंद्रातील ‘पीएमएल’ नावाच्या सूक्ष्म गोलकांची संख्या व आकार वाढतो आणि स्मार-१ त्यांत अडकून पडते. दडपण उठताच पी-५३ला मृत्यूची जनुके चालू करता येतात.

या संशोधनाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. केमोथेरपीची अनेक औषधे आणि किरणोपचार डीएनएला इजा करूनच गाठीतील पेशींना मरणाकडे ढकलतात. मात्र माणसांतील सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चे जनुकच बिघडलेले आढळते. अशा पेशी अनेकदा उपचारांना दाद देत नाहीत. म्हणूनच पेशी मरणाचा निर्णय कशी घेते, हे उलगडणे रुग्णाच्या दृष्टीने मोलाचे ठरते.