‘हाय टी’ला जाताना

माजी विद्यार्थी मेळाव्याची पत्रिका नोटीस बोर्डावर लागली की हॉस्टेलवर चर्चा होते ती शेवटच्या ओळीची. ‘सायं. ५ वाजता हाय टी’. म्हणजे नक्की काय? नुसता चहा की जेवण? मेसचा खाडा टाकायचा का? आणि मुख्य म्हणजे घालून काय जायचं? चार वर्षांत हे प्रश्न इतक्या वेळा कानावर पडलेत, की यंदा मराठी विभागासाठी लेख मागितल्यावर विषय शोधत बसावं लागलं नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘हाय’ म्हणजे उच्चभ्रू, असं आपण धरून चालतो. मूळ प्रकरण अगदी उलटं आहे. इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास बड्या घरांत रात्रीचं जेवण आठ-आठ वाजेपर्यंत लांबायला लागलं, म्हणून मधल्या वेळी चहा, ब्रेड-बटर आणि केक घ्यायची पद्धत पडली. बेडफर्डच्या डचेस ॲना यांचं नाव त्यासाठी घेतात. तो झाला ‘आफ्टरनून टी’. ‘हाय टी’ होता कामगारांचा! गिरणीतून, खाणीतून दमून आलेला माणूस संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून चहाबरोबर ब्रेड, चीज, मटण असं पोटभर खायचा. मी पाटसचा. आमच्याकडे साखर कारखान्याची शिफ्ट सुटल्यावर घरी येऊन चहा-भाकरी खाणारा माणूस दिसतो, तो मूळ अर्थाने ‘हाय टी’च घेत असतो. आपल्याकडच्या हॉटेलांनी आणि कंपन्यांनी नाव उचललं आणि अर्थ बदलला. आता कार्यक्रमानंतर उभ्या-उभ्या घ्यायचा चहा आणि बरोबर सँडविच, छोटे सामोसे, पेस्ट्री असलं काहीबाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा खाडा टाकू नका, पोट भरत नाही.

पण हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी एका कंपनीचं माहितीसत्र झालं. नंतर हाय टी होता. हॉलला दोन दारं. पुढच्या दाराबाहेर चहा, मागचं दार मेसकडे. आमच्या हॉस्टेलची निम्मी पोरं मागच्या दाराने गेली. नंतर विचारलं तर कोणी म्हणे लेदरचे शूज नाहीत, कोणी म्हणे काट्याने खाता येत नाही, ‘इंग्रजीत कोण बोलणार बाबा’ हे तर सगळ्यांचंच. आणि जे साहेब दीड तास स्टेजवरून बोलत होते, ते त्या अर्ध्या तासात कप हातात घेऊन मोकळे उभे होते. पुन्हा भेटणार ते थेट मुलाखतीच्या टेबलापलीकडे. आमच्यातला एक जण मात्र तिथे थांबला. त्याने उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरचा विषय काढला आणि साहेबांनी पेपर नॅपकिनवर भट्टीची आकृती काढून दाखवली. शूज त्याचे रूममेटचे होते.

आता कपडे. ‘फॉर्मल’ लिहिलं असेल तर फिका पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे किंवा तपकिरी शूज आणि त्याच रंगाचा पट्टा. मोजे गडद. क्रिकेटचे पांढरे मोजे काळ्या शूजमधून लांबूनही दिसतात! ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे कॉलर असलेला नीटनेटका शर्ट, साधी पँट आणि स्वच्छ शूज; फाटक्या जीन्सची परवानगी नव्हे. पत्रिकेत सांगितलं नसेल तर ब्लेझरच्या मागे लागू नका. उसन्या ब्लेझरच्या बाह्या एक तर बोटांवर येतात नाही तर मनगटाच्या वर राहतात आणि माणूस अर्धा तास त्याच ओढत बसतो. मुलींनी साडी, सलवार-कमीज, शर्ट-पँट, सवय असेल ते खुशाल घालावं. ओढणीला पिन मात्र हवी, कारण एका हातात प्लेट असते आणि ओढणी नेमकी चटणीत जाते. मुलांचा साधा कुर्ता-पायजमाही चालतो. इस्त्री हवीच, आणि तिथे गादीखाली पँट घालून झोपायच्या आपल्या पारंपरिक तंत्रज्ञानावर विसंबू नये. डिओ बेताने. नावाचा बिल्ला दिला तर तो उजवीकडे लावावा; हात मिळवताना समोरच्याची नजर तिकडे सहज जाते.

वागण्याच्या नियमांत भिण्यासारखं काही नाही. बहुतेकांमागे हात दोनच असण्याची अडचण आहे. उजवा हात हात मिळवायला मोकळा हवा, म्हणून प्लेट डाव्या हातात. प्लेट आणि कप एकदम घेतले की संपलं, म्हणून आधी खाऊन घ्यावं, मग चहा घ्यावा. उंच टेबल असेल तर त्यावर ठेवावं. प्लेटमध्ये दोन-तीनच जिन्नस घ्यावेत. हवं तर पुन्हा जाता येतं, कोणी मोजत नाही. लग्नातल्या बुफेसारखा डोंगर रचला की बोलणं संपतं आणि डोंगर सांभाळणं सुरू होतं. सामोसा, सँडविच, बिस्किट हाताने खायचं असतं. काटा लागतो तो पेस्ट्रीला. म्हणजे काट्याचं भय इतकंच! रूममेटसाठी टिश्यूत दोन सामोसे बांधून घ्यायचा मोह मात्र आवरा.

किटलीतला चहा आपल्या टपरीसारखा उकळलेला नसतो. टपरीवर बारीक दाण्यांची सीटीसी पावडर असते. यंत्रात चिरडून, फाडून, वळून केलेली ही पावडर लवकर रंग सोडते, म्हणून दुधात उकळून कडक होते. इथे पत्ती गरम पाण्यात तीन-चार मिनिटं मुरवतात, दूध-साखर वेगळी. दूध थोडंच घाला, नाहीतर चहा कोमट होतो आणि चवही जाते. डिप बॅग असेल तर रंग आल्यावर काढून बशीत ठेवा. दोऱ्याने आवळून पिळू नका, शर्टावर नकाशा उठतो. चमचा कपावर न वाजवता ढवळावा आणि बशीतच ठेवावा.

बशीत ओतून पिण्यावरून आपल्याला हसतात. खरं तर उथळ बशीत पृष्ठभाग वाढतो आणि चहा भरभर निवतो, एवढं उष्णता-संक्रमणाच्या पहिल्या धड्यात येतं. अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्येही लोक बशीने प्यायचे! तरी उभ्या गर्दीत धक्का लागून सांडतो, म्हणून तिथे नको. फुरका घरी. बिस्किट बुडवण्याचंही तेच. लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाने बिस्किटात चहा किती वेगाने चढतो याचा केशाकर्षणाच्या सूत्राने हिशेब मांडला आणि १९९९ सालचं गमतीचं ‘इग नोबेल’ मिळवलं. पण साहेबांशी बोलताना डोक्यात सूत्र नसतं आणि अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी जातं.

खरी गोची होते ती आपल्या आग्रहाच्या सवयीने. तुकोबांची पालखी वरवंडवरून पाटसला येऊन पुढे रोटी घाट चढते, तेव्हा आमच्या गावात वारकऱ्यांना चहा देताना कोणी नाव-गाव विचारत नाही, आणि ‘माउली, घ्या की’ म्हटल्याशिवाय पुढेही जात नाही. घरीही तसंच. पाहुण्याने दोनदा ‘नको, आत्ताच झाला’ म्हणायचं, यजमानाने तिसऱ्यांदा कप पुढे करायचा. हाय टीला हा खेळ कोणी खेळत नाही. वाढणाऱ्याने ट्रे पुढे केला आणि तुम्ही संकोचाने ‘नको’ म्हणालात, की तो सरळ पुढे जातो. हवं असेल तर पहिल्यांदाच ‘हो, द्या’ म्हणा, आणि त्या दादांना ‘थँक यू’ म्हणा. केकमध्ये अंडं आहे का, हेही त्यांनाच हळूच विचारता येतं. उपास असेल तर नुसता चहा घ्या, कारण सांगत बसू नका. चहाही नको असेल तर पाण्याचा ग्लास हातात धरून उभं राहिलं तरी चालतं.

नुसता कप हातात धरण्यावरून आपल्या पुण्यात केवढं रामायण झालंय! १४ ऑक्टोबर १८९० ला गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) यांच्यामुळे हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणून ब्राह्मण समाजात गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, आणि १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. एका कपापायी दोन वर्षं! आजही अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधकांचा ‘चहापानावर बहिष्कार’ ही ठळक बातमी होते. न पिण्यालाही आपल्याकडे अर्थ असतो. मागच्या दाराने गेलेल्या पोरांचाही समोरच्यांनी काही अर्थ लावलाच असणार, आणि तो ‘बिचाऱ्यांकडे शूज नव्हते’ असा खासच नसणार.

राहिलं बोलणं. आपण चौघं कोपऱ्यात घोळका करून उभे राहिलो तर कोणी येत नाही. दोघं-दोघं जा. दोन माणसं अगदी समोरासमोर बोलत असतील तर थांबा, बाजूला जागा दिसली की मग जा. नाव, शाखा, वर्ष, गाव. गाव जरूर सांगा. मी ‘पाटस’ म्हणालो की ‘पुणे-सोलापूर रोडचा टोलनाका ना?’ असं दहातले आठ जण म्हणतात, आणि टोल हा असा विषय आहे की त्यावर कोणीही बोलतं! समोरची व्यक्ती मराठी असेल तर मराठीत बोला, अहो-जाहोने. तिसरं कोणी अमराठी येऊन उभं राहिलं की मात्र इंग्रजी किंवा हिंदीवर या, मोडकंतोडकं चालेल. पगार किती, हा पहिला प्रश्न नको, बायोडेटा खिशातून काढणंही नको. तुमच्या प्लँटमध्ये सध्या कुठलं काम चाललंय, नवीन पोराला पहिले सहा महिने काय करायला लावता, असलं विचारलं की माणसं खुलतात. तोंडात घास असताना कोणी प्रश्न विचारला तर घास संपवूनच उत्तर द्या. विचारणाराही थांबतो, त्यालाही हा अनुभव असतो. मोबाइल सायलेंटवर.

पाच-सात मिनिटं झाली की ‘बरं वाटलं सर, येतो’ म्हणून सुटायचं, त्यांनाही इतरांशी बोलायचं असतं. निघताना कप-प्लेट खुर्चीखाली न सरकवता ट्रेमध्ये ठेवा आणि ज्यांनी बोलावलं त्यांना सांगून निघा. आणि रूममेटचे शूज परत करण्याआधी पुसून ठेवा, पुढच्या आठवड्यात अजून एका कंपनीचं सत्र आहे.