सातबारा आणि चिंकारा

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा हरणासाठी ते प्रसिद्ध आहे. पण अभयारण्याची हद्द चिंकाऱ्याला कशी कळणार? चरता चरता तो शेजारच्या शेतात शिरतो. लांडग्याचे तर विचारायलाच नको. त्याच्या एका कळपाला वावरायला शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा प्रदेश लागतो. म्हणजे बारामती-इंदापूरचा माळ राखायचा, तर केवळ वनखात्याच्या जमिनीचा विचार करून भागत नाही. मधल्या खाजगी शेतांचाही विचार करावा लागतो. मग त्या शेतकऱ्यांच्या हक्कांचे काय होते?

कायदा काय सांगतो?

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून मूलभूत हक्क राहिलेला नाही. मात्र कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असे घटनेचे कलम ३०० अ सांगते.

असा एक कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. खाजगी जमीन अभयारण्यात घ्यायची असेल, तर शासन आधी तसा इरादा जाहीर करते. जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात. त्यानंतर दोन महिन्यांत आपला हक्क लेखी मांडायचा असतो. चौकशीअंती जिल्हाधिकाऱ्यांपुढे तीन वाटा असतात : ती जमीन वगळणे, मोबदला देऊन ती संपादित करणे किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सल्ल्याने हक्क चालू ठेवणे.

खरी अडचण मधल्या काळात येते. इरादा जाहीर झाल्यावर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. चौकशी लवकर संपली तर हे सुसह्य होते. ती वर्षानुवर्षे रेंगाळली, तर जमीन नावावर असूनही अडीअडचणीला विकता येत नाही.

भीमेपलीकडचा धडा

इंदापूरहून भीमा ओलांडली की करमाळा तालुका लागतो. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, त्यात हाही भाग होता. क्षेत्रफळ होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात शेते होती, गावेही होती. जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे शेतकरी नाराज झाले. अखेर हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. माळढोक मात्र तेथून जवळजवळ नाहीसाच झाला. ही मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला हवा असतो शांत, मोकळा माळ. नकाशावर मोठी रेघ ओढली म्हणजे तो मिळतोच असे नाही.

दुसरी वाट

२००२ च्या दुरुस्तीने या कायद्यात 'सामुदायिक राखीव क्षेत्र' ही तरतूद आली. येथे मालक किंवा गाव स्वखुशीने पुढे यावे लागते. मालकी मालकाकडेच राहते. पण एकदा क्षेत्र जाहीर झाले, की समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे येथेही हक्काला मुरड आहेच. फरक इतकाच, की ती मालकाने विचारपूर्वक स्वीकारलेली असते.

माळ राखला तर गावाला काही मिळते का, हाही प्रश्न महत्त्वाचा. इंदापुरातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे वनखात्याने अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. त्यातून गावात काही पैसा येऊ शकतो. पण ज्याचे पीक चिंकारा खातो आणि ज्याची मेंढी लांडगा नेतो, त्याच्यापर्यंत तो पोचतो का, हे तपासायला हवे.

वर्गात करून पाहा

तलाठ्याकडून गावाचा नकाशा मिळवा. त्यावर वनजमीन, गायरान आणि खाजगी शेते वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. चिंकारा, कोल्हा, लांडगा कोठे दिसतात, हे मेंढपाळांना व शेतकऱ्यांना विचारून खुणा करा. किती खुणा खाजगी जमिनीवर पडल्या? त्या जमिनीच्या मालकाला आपण काय मागणार आहोत आणि त्याबदल्यात काय देणार आहोत, यावर मुलांना बोलू द्या.