नुसती पीडीएफ पुरत नाही

इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांवरच्या मराठी ग्रंथांचं संपादन हे माझं रोजचं काम. असा ग्रंथ फार तर पाचशे प्रतींचा निघतो आणि त्याही खपायला वर्षं जातात. आवृत्ती संपली, की पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे फोन सुरू होतात, "मॅडम, पीडीएफ मिळेल का?" मागणी रास्त आहे. पण नुसती पीडीएफ हाती पडून त्यांचं काम भागत नाही, आणि आम्हा प्रकाशनातल्या लोकांनी हे अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही.

एक करून पाहा. २००० सालाच्या आसपास डीटीपी झालेल्या एखाद्या मराठी ग्रंथाची पीडीएफ उघडा. पान सुबक दिसेल. आता त्यातलं एक वाक्य कॉपी करून मोबाइलवर पेस्ट करा. बहुतेक वेळा रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उतरेल. त्या काळच्या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नसे आणि छापखान्याला मतलब कागदावर उमटणाऱ्या पानाशी.

मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लावायचा. 'आर्थिक' हा साधा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये तो दिसतो तसाच साठवलेला : आ, मग पहिली वेलांटी, थ आणि नंतर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : आ, पाय मोडलेला र, थ आणि मग वेलांटी. म्हणजे रफार उचलून थच्या आधी न्यायचा आणि वेलांटी मागे सरकवायची. जोडाक्षर मोठं झालं, की इथेच गफलत होते. 'दुसऱ्या'तला र तर हमखास बिघडतो. त्याहून मोठा घोळ तळटीपांत. तिथली इंग्रजी ग्रंथनामंही कन्व्हर्टर देवनागरी समजून बदलून टाकतो आणि संदर्भच नाहीसा होतो. शेवटी छापील प्रत शेजारी ठेवून कुणीतरी ओळ न् ओळ ताडून पाहावीच लागते. छापील पान स्कॅन करून त्यातली अक्षरं ओसीआरने ओळखायला लावली तरी तेच. ओसीआर आता मराठी बरंच नीट वाचतं, पण टीपांचे बारीक आकडे आणि अनुस्वार सुटतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे त्यातला शब्द आज घरबसल्या शोधता येतो. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, तोही संकेतस्थळावर वाचता येतो. हे आपोआप झालेलं नाही. माणसं आणि पैसा लावून कुणीतरी ते करवून घेतलं. आणि ज्याचं पान न् पान संगणकावरच जुळवलं, तो १९९८चा ग्रंथ मात्र शोध घेणाऱ्याला सापडत नाही, हे मला फार खुपतं.

थोड्या प्रतींच्या छपाईची अडचण मात्र पुष्कळ सुटली आहे. ऑफसेटला प्लेटांचा खर्च एकदम करावा लागतो, म्हणून पाचशे प्रती काढायच्या. डिजिटल छपाईत पन्नासही काढता येतात. प्रत थोडी महाग पडते, पण गोदाम अडत नाही.

ई-पुस्तकाची गोष्ट निराळी. मोबाइलवर अक्षर मोठं केलं, की मजकूर सरकतो आणि पानं बदलतात. प्रबंधात मग पृष्ठांक कोणता द्यायचा? छापील आवृत्तीचे पृष्ठांक खुणा म्हणून आत घालता येतात, पण सांगितल्याशिवाय ते कुणी करत नाही. आणि शोधाची सोय झाली म्हणून सूची गाळू नये. 'वतन' शोधलं, तर 'वतनदार'सकट शेकडो जागा समोर येतील. पण ज्या पानावर तो शब्द न येता वतनाच्या वाटणीचीच चर्चा आहे, ते पान विषय जाणणारा सूचीकारच दाखवू शकतो.

लेखकांना मी आता करारावर सही होण्याआधीच सांगते : अंतिम, तपासलेला मजकूर युनिकोडमध्ये तुमच्याकडेही राहील, असं त्यात लिहून घ्या, सूची आणि टीपांसकट.