भुईमुगावरील बुरशी व तिचे विष

सन १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले काही महिन्यांत दगावली. रोग कोणता, हे कोणास उमगेना. शेवटी दोष आढळला तो खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत. पेंडीवर वाढलेल्या 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीने निर्माण केलेल्या विषास पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले.

हे विष यकृतावर आघात करते. सन १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत अवेळी पावसाने भिजून बुरसलेला मका लोकांच्या खाण्यात आला आणि शंभराहून अधिक माणसे कावीळ होऊन मरण पावली. विष डोळ्यांस दिसत नाही, शिजवण्याने पुरते नाहीसे होत नाही. दुभत्या जनावरास बुरसलेली पेंड घातल्यास त्याचा अंश दुधात उतरतो. माणसांना नको ते गुरांना घालावे, हा आपला नेहमीचा हिशेब येथे चुकतो, हे ग्रामसेवकांनी आवर्जून सांगावे.

हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह जनुकांत बदल करून या बुरशीस व विषास दाद न देणारी भुईमुगाची झाडे तयार केल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते बियाणे मात्र अद्याप शेतकऱ्यांच्या हाती आलेले नाही.

तोवर भिस्त वाळवणीवरच. शेंगा पोसताना पावसाने ओढ दिल्यास बुरशी शेतातच शिरते. शक्य तेथे त्या वेळी पाणी द्यावे. काढणीनंतर वेल उलटे, शेंगा वर येतील असे पसरावेत. शेंग हलविली असता दाणा खुळखुळू लागेपर्यंत वाळवण चालू ठेवावी. फुटक्या, किडक्या व काळवंडलेल्या शेंगा निवडून वेगळ्या काढाव्यात. त्या घाण्यावरही पाठवू नयेत.