बेगूरचे नागेश्वर मंदिर : गंगकालीन वास्तू आणि तिच्या आवारातील कोरीव लेख

बंगळूर हे नाव मराठी वाचकास बहुधा दोन संदर्भांत परिचित असते. पहिला संदर्भ केंपेगौडाने इ. स. १५३७ मध्ये वसविलेल्या कोटाचा व पेठेचा, दुसरा इ. स. १६३८ नंतर शहाजीराजांकडे आलेल्या जहागिरीचा. प्रत्यक्षात हे नाव केंपेगौडाहून सुमारे साडेसहाशे वर्षांनी जुने आहे. त्याचा सर्वांत प्राचीन लिखित पुरावा बेगूर येथील नागेश्वर मंदिराच्या आवारात सापडलेल्या एका शिलालेखात मिळतो. एखादे मंदिर आपल्या परिसराचा इतिहास कसे सांभाळते, हे समजून घेण्यास बेगूरइतके बोलके उदाहरण या प्रदेशात दुसरे क्वचितच आढळेल.

बेगूर आज बंगळूर महानगराच्या दक्षिण भागात, होसूर रस्ता व बन्नेरघट्टा रस्ता यांच्या दरम्यान वसलेले आहे. नवव्या-दहाव्या शतकांत ते तलकाडच्या पश्चिम गंग राजांच्या अमलाखाली होते आणि 'बेंपूर बारा' या नावाच्या बारा गावांच्या विभागाचे मुख्य ठिकाण होते. मंदिराच्या आवारात शिवलिंगांची पाच देवालये असल्यामुळे त्यास पंचलिंग नागेश्वर असेही म्हणतात. त्यांपैकी दोन देवालये गंग राजा पहिला नीतिमार्ग (सुमारे इ. स. ८४३ ते ८७०) व दुसरा नीतिमार्ग यांच्या काळातील आहेत, असे वास्तुशास्त्राचे अभ्यासक इं. कार्तिकेय शर्मा यांचे मत आहे. उरलेली देवालये नंतरच्या चोळ राजवटीतील मानली जातात. इ. स. १००४ च्या सुमारास चोळांनी तलकाड जिंकले व हा मुलूख त्यांच्याकडे गेला. म्हणजे एकाच आवारात दोन राजवटींची बांधणी शेजारी शेजारी उभी आहे.

गंगकालीन देवालयाची रचना साधी आहे. गर्भगृह, त्यापुढे अंतराळ व त्यापुढे स्तंभयुक्त मंडप असा तिचा क्रम. बांधकाम या पठारावर सर्वत्र मिळणाऱ्या कठीण काळ्या-करड्या दगडाचे आहे. पुढे बाराव्या शतकात होयसळ शिल्पींनी जी नाजूक कलाकुसर केली, ती मऊ शंखजिऱ्याच्या दगडामुळे साध्य झाली. बेगूरचा दगड तशी मुभा देत नाही, म्हणून येथील शिल्पी भिंती आवरून धरतो आणि आपले कौशल्य मोजक्या ठिकाणी खर्च करतो. असे एक ठिकाण म्हणजे मंडपाचे छत. मध्यभागी उमामहेश्वर आणि भोवती आठ दिशांचे आठ दिक्पाल अशी तेथील योजना आहे. पूर्वेस इंद्र, दक्षिणेस यम, पश्चिमेस वरुण, उत्तरेस कुबेर आणि उपदिशांना अग्नी, निर्ऋती, वायू व ईशान हा दिक्पालांचा शास्त्रोक्त क्रम होय. मंडपात उभ्या राहिलेल्या भाविकाच्या डोक्यावर अशा रीतीने सर्व दिशांसह विश्वाचा आराखडाच पसरलेला असतो.

वास्तूहून अधिक मोल मात्र आवारातील लेखांना आहे. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख रा. नरसिंहाचार यांनी १९१५ च्या सुमारास येथे एक छोटा हळेगन्नड लेख शोधून काढला. त्याचा काळ अंदाजे इ. स. ८९० मानला जातो. नागत्तर नावाच्या गंग अधिकाऱ्याच्या घरचा पेर्वोणसेट्टी आणि नागत्तराचा पुत्र बुट्टणसेट्टी यांचा त्यात उल्लेख असून, बुट्टणसेट्टी बेंगळूरूच्या लढाईत मरण पावल्याचे तो सांगतो. लढाई कोणाशी झाली, हेही लेख नोंदवीत नाही. परंतु स्थळाचे नाव त्यात स्पष्ट आहे, आणि एवढ्यावरून एका लोकप्रिय कथेची कालगणना कोसळते. होयसळ राजा दुसरा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगदाण्यांचे नव्हे तर उकडलेल्या कडधान्याचे जेवण दिले, म्हणून त्या जागेस 'बेंदकाळूरु' हे नाव पडले, असे ही कथा सांगते. वीरबल्लाळाची राजवट इ. स. ११७३ मध्ये सुरू झाली. नाव त्याच्याआधी जवळजवळ तीन शतके प्रचारात होते. कथेचे लोकसाहित्य म्हणून मूल्य याने कमी होत नाही. नामव्युत्पत्तीचा पुरावा म्हणून मात्र ती टिकत नाही.

नागत्तराचे नाव बेगूरच्याच दुसऱ्या, अधिक मोठ्या शिळेवरही येते. ही शिळा आता बंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. गंग राजा एरेयप्प याच्या आज्ञेवरून अय्यपदेवाच्या साहाय्यास गेलेला नागत्तर तुंबेपाडी येथे वीरमहेंद्राच्या सैन्याशी लढताना हत्तींच्या गर्दीत शिरून पडला. ते ऐकून राजाने इरुग याला नागत्तरपद दिले आणि बेंपूर विभागातील गावे 'कल्नाडु' म्हणून, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ द्यावयाचे दान म्हणून, नेमून दिली. गावांची नावेही तेथे नोंदलेली आहेत. शिळेवर हत्ती, घोडे व योद्धे यांची दाटी कोरलेली आहे. शौर्याची स्तुती, मृत्यूची वार्ता आणि जमिनीचा दस्तऐवज या तिन्ही गोष्टी एकाच दगडावर एकत्र येतात.

महाराष्ट्रात अशा स्मारकशिळेस वीरगळ म्हणतात. हा शब्द कन्नड 'वीरगल्लु' या शब्दावरून आला असून त्यातील 'कल्लु' म्हणजे दगड. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मूक आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मग युद्ध, मग अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा असा त्यांचा चित्रक्रम ठरलेला असतो, पण वीराचे नाव बहुधा नसते. बेगूरच्या शिळेला वाणी आहे. मूक वीरगळांमागे कोणत्या प्रकारचे सामाजिक व्यवहार असू शकतील, याची कल्पना मराठी अभ्यासकास तिच्यावरून करता येते.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. कन्नडमधील पहिला गुणवर्मा हा कवी याच एरेयप्पाच्या आश्रयास होता, असे मानले जाते. त्याचे 'शूद्रक' व 'हरिवंश' हे दोन्ही ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. मल्लिकार्जुनाच्या 'सूक्तिसुधार्णव' या तेराव्या शतकातील संकलनासारख्या उत्तरकालीन ग्रंथांतून त्याची काही पद्येच तेवढी हाती येतात. राजसभेतील काव्य लुप्त झाले. त्याच राजासाठी रणात पडलेल्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा वृत्तांत मंदिराच्या आश्रयाने टिकला. ताडपत्राच्या प्रती पुनःपुन्हा कराव्या लागतात. आवारातल्या दगडास फक्त कोणी हलवू नये एवढेच लागते. 'कर्नाटक कविचरिते' हा कन्नड कवींचा इतिहास लिहिणारे नरसिंहाचार हेच शिलालेखांचे संशोधकही होते, हा योगायोग नव्हे. त्यांच्या पिढीने ग्रंथ व शिळा ही एकाच भाषेची दोन साधने मानली.

आता प्रश्न आहे तो या शिळांच्या रक्षणाचा. बी. एल. राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या १९०५ मधील नवव्या खंडात बंगळूर जिल्ह्यातील लेख प्रसिद्ध केले. त्यानंतर शहर वाढत गेले, आणि त्यात नोंदलेल्या अनेक शिळा आज मूळ जागी आढळत नाहीत. हेब्बाळ येथील कित्तय्याची सुमारे इ. स. ७५० ची शिळा २०१८ मध्ये पुन्हा उजेडात आली, ती खोदकामाच्या वेळी. २०२१ पासून बंगळूरच्या मिथिक सोसायटीने या परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिमा तयार करण्याचे काम हाती घेतले, त्यामुळे निदान अक्षरे तरी सुरक्षित होतील. परंतु शिळा कोणत्या देवालयासमोर, कोणत्या तळ्याच्या काठी उभी होती, हे तिच्या अर्थाचे अंग आहे. बुट्टणसेट्टीचा लेख बेंपूरच्या देवालयात होता, म्हणूनच त्याचा संबंध नागत्तराच्या शिळेशी व तिच्यातील गावांशी जोडता आला. जागेपासून तुटलेल्या लेखाचे वाचन करता येते. असे नाते मात्र त्यातून पुन्हा उभे करणे फार कठीण असते.